सामाईक सबनेट आणि जाळ्याच्या आकृतीचे वाचन

सामाईक सबनेट म्हणजे संगणक जाळ्याचा असा भाग, ज्यात दोन किंवा अधिक राउटरांचे इंटरफेस एकाच पत्तासमूहातील आयपी पत्ते धारण करतात आणि मध्ये दुसरा कोणताही राउटर न येता परस्परांना थेट फ्रेम पाठवू शकतात. एखाद्या महाविद्यालयातील इमारतींना जोडणारा कणा, दूरसंचार कंपनीच्या केंद्रातील आंतरजोडणी, इंटरनेट एक्स्चेंजमधील स्विच ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. जाळ्याच्या आकृतीत असे सबनेट बहुधा एका आडव्या रेषेने किंवा मध्यभागी ठेवलेल्या स्विचच्या चिन्हाने दाखवतात.

आकृती प्रथमच पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच चिन्हांकडे जाते. पत्ते मात्र रेषांनुसार ठरतात. राउटरला यंत्र म्हणून एकच एक पत्ता नसतो. त्याच्या प्रत्येक इंटरफेसला वेगळा पत्ता असतो आणि तो पत्ता त्या इंटरफेसला लागून असलेल्या सबनेटमधूनच घ्यावा लागतो. त्यामुळे आकृती वाचताना पहिला प्रश्न असा असतो की, कोणती रेषा कोणत्या सबनेटची आहे आणि एकच सबनेट किती रेषांवर पसरले आहे. या प्रश्नाचे उत्तर चुकले की पुढची मांडणी कितीही काळजीपूर्वक केली तरी राउटर एकमेकांना ओळखत नाहीत.

भौतिक आकृती व तार्किक आकृती

एकाच जाळ्याच्या दोन प्रकारच्या आकृत्या काढतात. भौतिक आकृतीत कोणती केबल कोणत्या यंत्राच्या कितव्या पोर्टातून निघते, कोणत्या खोलीतील कोणत्या रॅकमध्ये जाते आणि ती तांब्याची आहे की प्रकाशतंतूची, हे दाखवलेले असते. तार्किक आकृतीत सबनेट, त्यांचे मास्क, इंटरफेसचे पत्ते आणि पॅकेटांचे मार्ग दाखवतात. पाठ्यपुस्तकांत व प्रयोगशाळेच्या वहीत या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच चित्रात मिसळलेल्या आढळतात. चार संगणकांच्या जाळ्यात त्याने बिघडत नाही. चाळीस यंत्रांच्या जाळ्यात मात्र ते चित्र कोणालाच वाचता येत नाही.

चिन्हे बऱ्याच अंशी रूढ झालेली आहेत. राउटर हा आत व बाहेर जाणारे बाण काढलेला गोल असतो, स्विच हा बाण काढलेला चौकोन असतो आणि ज्या भागाचा तपशील दाखवायचा नाही त्यासाठी ढग काढतात. ढगाचा अर्थ ‘इंटरनेट’ असाच असतो असे नाही. आकृती काढणाऱ्याच्या दृष्टीने अनावश्यक किंवा त्याच्या ताब्यात नसलेला कोणताही भाग ढगाखाली जाऊ शकतो.

दोन्ही आकृत्यांचा मेळ बसतोच असे नाही, आणि त्याचे मुख्य कारण व्हीलॅन हे आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ८०२.१क्यू या मानकानुसार एका केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला एक क्रमांक जोडता येतो. परिणामी भौतिक आकृतीत जिथे एकच केबल दिसते तिथे तार्किक आकृतीत तीन-चार स्वतंत्र सबनेट असू शकतात. उलटपक्षी, दोन मजल्यांवरील चार स्विच आणि वीस केबली मिळून तार्किक आकृतीत एकच रेषा होऊ शकते.

सबनेटच्या सीमा ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कोणत्याही राउटरच्या एका इंटरफेसवर बोट ठेवावे आणि तेथून निघणाऱ्या रेषेवरून पुढे जावे. वाटेत स्विच लागला तर त्याच्या सर्व फांद्यांवर जावे. राउटर किंवा संगणक लागला की थांबावे. एवढ्या फिरण्यात जे जे इंटरफेस भेटले ते सर्व एका सबनेटचे. स्विच सबनेट तोडत नाही, राउटर तोडतो. आकृतीत व्हीलॅन दाखवलेले असतील तर हीच रीत प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगवेगळी वापरावी लागते.

आडव्या रेषेचे मूळ

आज बहुतेक जाळ्यांत प्रत्येक यंत्रापासून निघालेली केबल मधल्या स्विचकडे जाते, म्हणजे रचना ताऱ्यासारखी असते. तरीही तार्किक आकृतीत सामाईक सबनेट एका लांब आडव्या रेषेने दाखवण्याची पद्धत टिकून आहे. ही रेषा मुळात खरीखुरी तार होती. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ईथरनेटची कल्पना मांडली. १९७६ मध्ये त्यांनी काढलेल्या प्रसिद्ध आकृतीत एक लांब केबल आणि तिला ठिकठिकाणी जोडलेली यंत्रे दिसतात. पुढे १९८३ साली मानकबद्ध झालेल्या जाड सहअक्षीय केबलीच्या ईथरनेटमध्ये एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटरचा असे आणि त्यावर १०० जोडण्या करता येत. केबलीवर एकाने पाठवलेले सर्वांच्या कानी पडे.

१९९० साली पिळलेल्या तारांच्या जोडीवर चालणारे ईथरनेट मानकबद्ध झाले. हब आणि नंतर स्विच आले, आणि ती लांब केबल भिंतींतून निघून गेली. आकृतीतील रेषा मात्र राहिली, कारण तिने दाखवलेला गुणधर्म कायम होता: या रेषेवर टांगलेले सर्वजण एकमेकांचे थेट शेजारी आहेत आणि एकाने केलेले ब्रॉडकास्ट सर्वांना ऐकू जाते. विद्यार्थ्यांनी ही रेषा पाहून ‘अशी केबल कुठे असते?’ असे विचारणे योग्यच आहे. तशी केबल आता नसते. तेथे एक किंवा अनेक स्विच असतात.

सबनेटची कल्पनाही याच काळातली. प्रारंभीच्या आयपी जाळ्यांत प्रत्येक स्वतंत्र केबलीला स्वतंत्र जाळे क्रमांक द्यावा लागे. विद्यापीठांच्या आवारात अनेक ईथरनेट उभी राहू लागली तेव्हा ही पद्धत परवडेनाशी झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेफ्री मोगल यांनी १९८४ मध्ये त्यावर टिपण लिहिले आणि १९८५ साली मोगल व जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ९५० या दस्तऐवजाने एकाच जाळे क्रमांकाचे अंतर्गत विभाजन करण्याची सर्वमान्य पद्धत घालून दिली. ठरावीक वर्गांची जुनी चौकट सोडून कोणत्याही लांबीचा मास्क वापरण्याची मुभा १९९३ पासून मिळाली.

पत्ता आणि मास्क

आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा असतो. मास्कही ३२ बिटांचाच असून त्यातील सुरुवातीचे सर्व बिट १ व उरलेले ० असतात. पत्त्याच्या ज्या बिटांसमोर मास्कमध्ये १ आहे तो सबनेटचा भाग, ज्यांसमोर ० आहे तो त्या सबनेटमधील यंत्राचा भाग. मास्क २५५.२५५.२५५.२४८ असेल तर त्यात २९ एक येतात, म्हणून तो /२९ असा लिहितात. यंत्रासाठी ३ बिट उरतात, त्यांपासून ८ पत्ते होतात. पहिला सबनेटचे नाव म्हणून आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी राखीव असल्याने ६ पत्ते प्रत्यक्ष वापरता येतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. मास्क पॅकेटाबरोबर प्रवास करत नाही. तो प्रत्येक यंत्रात स्वतंत्रपणे भरलेला असतो आणि ‘समोरचा पत्ता माझ्या शेजारचा आहे की दूरचा?’ हा निर्णय प्रत्येक यंत्र आपापल्या मास्कवरून एकट्याने घेते. त्यामुळे एकाच केबलीवरची दोन यंत्रे एकमेकांविषयी वेगवेगळ्या निष्कर्षास येऊ शकतात. एकाच्या लेखी दुसरा शेजारी असतो. दुसऱ्याच्या लेखी पहिला परगावचा.

तीन इमारतींचे उदाहरण

एका आवारातील तीन इमारती घेऊ. प्रत्येक इमारतीत एक राउटर आहे; त्यांना क, ख आणि ग म्हणू. क राउटरच्या आतल्या बाजूस १९२.१६८.१०.०/२४ हे सबनेट आहे, ख राउटरच्या आतल्या बाजूस १९२.१६८.२०.०/२४ आणि ग राउटरच्या आतल्या बाजूस १९२.१६८.३०.०/२४. तिघांच्या बाहेरच्या बाजूच्या केबली मधल्या एका स्विचला लावलेल्या आहेत. आकृतीत चार सबनेट मोजले पाहिजेत: तीन इमारतींचे तीन आणि स्विचभोवतीचे चौथे. नवखे विद्यार्थी स्विचकडे जाणाऱ्या तीन रेषा पाहून तीन वेगळी सबनेट देतात. मग क राउटरचा पत्ता एका सबनेटमधला, ख राउटरचा दुसऱ्या सबनेटमधला असे होते. स्विचवरचे दिवे हिरवे लुकलुकत राहतात आणि पॅकेट मात्र एकही पलीकडे जात नाही.

चौथ्या सबनेटसाठी १०.१०.१०.०/२९ हा समूह घेऊ. त्यातून क राउटरला १०.१०.१०.१, ख राउटरला १०.१०.१०.२ आणि ग राउटरला १०.१०.१०.५ हे पत्ते देऊ. क्रम सलग असण्याची गरज नाही. तिन्ही पत्ते १ ते ६ या मर्यादेत आणि एकमेकांहून वेगळे असले म्हणजे पुरे. मास्क मात्र तिघांवरही /२९ हाच हवा.

आता पहिल्या इमारतीतील १९२.१६८.१०.२५ या संगणकाने दुसऱ्या इमारतीतील १९२.१६८.२०.४० या प्रिंटरला पॅकेट पाठवले. संगणक आपल्या मास्कने प्रिंटरचा पत्ता तपासतो, तो आपल्या सबनेटमधला नाही असे त्याला कळते, म्हणून तो पॅकेट आपल्या गेटवेकडे म्हणजे क राउटरच्या आतल्या इंटरफेसकडे सोपवतो. क राउटर आपली मार्गसारणी पाहतो. तिथे ‘१९२.१६८.२०.० कडे जाण्यासाठी पुढचा टप्पा १०.१०.१०.२’ अशी नोंद असली पाहिजे. हा पुढचा टप्पा स्वतः क राउटरला लागून असलेल्या सबनेटमधला आहे, म्हणून क राउटर स्विचकडील इंटरफेसवर एआरपीची पृच्छा ब्रॉडकास्ट करतो: १०.१०.१०.२ हा पत्ता कोणाचा? ही पृच्छा ख व ग दोघांनाही ऐकू जाते. उत्तर फक्त ख देतो आणि आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता कळवतो. मग क राउटर ते पॅकेट नव्या फ्रेममध्ये घालून ख राउटरच्या मॅक पत्त्यावर रवाना करतो.

या प्रवासात आयपी पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. पाठवणारा १९२.१६८.१०.२५ आणि घेणारा १९२.१६८.२०.४०. १०.१०.१०.२ हा पत्ता पॅकेटावर कोठेही लिहिला जात नाही; तो केवळ मॅक पत्ता शोधण्यापुरता वापरला जातो. मॅक पत्ते मात्र प्रत्येक टप्प्यावर बदलतात. टपालाची पिशवी प्रत्येक जंक्शनवर बदलते, आतल्या पाकिटावरचा पत्ता बदलत नाही, असा हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे प्रत्येक राउटर पॅकेटाच्या शीर्षातील आयुष्यदर्शक आकडा एकाने कमी करतो, जेणेकरून चुकीने चक्रात सापडलेले पॅकेट कायमचे फिरत राहू नये.

पॅकेट पोहोचले तरी काम अर्धेच झालेले असते. प्रिंटरचे उत्तर ख राउटरपर्यंत आले की ख राउटरलाही ‘१९२.१६८.१०.० साठी पुढचा टप्पा १०.१०.१०.१’ हे ठाऊक असावे लागते. प्रयोगशाळेत ‘पिंग जात नाही’ अशी तक्रार आली की जाण्याचा मार्ग पुनःपुन्हा तपासला जातो, आणि दोष पुष्कळदा परतीच्या मार्गात असतो. पिंगचे यश दोन्ही दिशांवर अवलंबून असल्याने ‘उत्तर आले नाही’ एवढ्यावरून कोणती दिशा तुटली आहे हे कळत नाही.

मास्क चुकल्यास काय होते, हेही याच उदाहरणात पाहता येते. ग राउटरवर /२९ ऐवजी /३०, म्हणजे २५५.२५५.२५५.२५२, असा मास्क भरला गेला असे समजा. शेवटच्या गटातील ५ हा आकडा द्विमान पद्धतीत ०००००१०१ असा आहे. २४८ म्हणजे ११११ १०००. त्याच्याशी ताडल्यास ० उरतो, म्हणजे सबनेट १०.१०.१०.०. पण २५२ म्हणजे ११११ ११००. त्याच्याशी ताडल्यास ४ उरतो, म्हणजे ग राउटर स्वतःला १०.१०.१०.४ या सबनेटमध्ये समजतो. त्याच्या दृष्टीने शेजारी फक्त ५ आणि ६. १०.१०.१०.१ हा पुढचा टप्पा त्याला सांगितला तर तो पत्ता आपल्या कोणत्याच इंटरफेसलगत नाही असे ठरवून तो मार्ग सारणीत घेतच नाही. इकडे क राउटरची सारणी निर्दोष दिसते. क राउटरवर कितीही वेळ शोधले तरी चूक सापडत नाही, कारण ती तिथे नाहीच.

स्विचआड लपणारा बिघाड

दोन राउटर एकाच केबलीने समोरासमोर जोडलेले असतील तर एक बंद पडताच दुसऱ्याचा इंटरफेसही बंद होतो आणि त्यावरचे मार्ग सारणीतून आपोआप निघून जातात. मध्ये स्विच असला की हा सुगावा नाहीसा होतो. ख राउटरची वीज गेली तरी क राउटर व स्विच यांच्यामधील केबल जिवंतच असते. क राउटरला इंटरफेस चालू दिसतो. हाताने लिहिलेला स्थिर मार्ग जागच्या जागी राहतो. आणि दुसरा पर्यायी रस्ता उपलब्ध असूनही पॅकेट ख राउटरच्या नावाने पाठवली जाऊन नष्ट होत राहतात. सामाईक सबनेटची ही सर्वांत महाग पडणारी बाजू आहे. आकृतीत स्विचचे चिन्ह गाळून राउटरांमध्ये सरळ रेषा ओढली असेल, तर बिघाडाच्या वेळी आकृती पाहणाऱ्यास ही शक्यता सुचतही नाही. या कारणास्तव तार्किक आकृतीतसुद्धा राउटरांमधला स्विच दाखवणे हितावह असते.

शेजारी जिवंत आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासत राहणे हा त्यावरचा उपाय. राउटिंग प्रोटोकॉल ठरावीक अंतराने ‘हॅलो’ पॅकेट पाठवून हेच करतात. ओएसपीएफ या प्रोटोकॉलमध्ये ईथरनेटवर सामान्यतः दर १० सेकंदांनी हॅलो जाते आणि ४० सेकंद काहीच ऐकू न आल्यास शेजारी गेला असे धरतात. आवाजी संभाषणासारख्या सेवांना ४० सेकंद फार होतात. म्हणून एका सेकंदाच्या आत बिघाड ओळखणारा बीएफडी हा हलका प्रोटोकॉल २०१० मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाला व आता मोठ्या जाळ्यांत सर्रास वापरला जातो.

अनेक राउटर, एक सबनेट

प्रत्येक राउटर दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्र केबलीने जोडायचा तर १० राउटरांसाठी ४५ केबली आणि ४५ सबनेट लागतील. प्रत्येक जोडीला /३० दिला तर प्रत्येकी ४ पत्ते खर्च होतात, त्यांतले दोनच उपयोगी. (२००० सालच्या आरएफसी ३०२१ नुसार दोन टोकांच्या जोडणीवर /३१ वापरून हा अपव्यय टाळता येतो.) सामाईक सबनेटवर हेच काम १० केबली, एक स्विच आणि १६ पत्त्यांच्या एका /२८ मध्ये होते.

केबली वाचल्या तरी शेजारांची संख्या कमी होत नाही. एका सबनेटवरील १० राउटरांच्या ४५ जोड्या तशाच राहतात आणि प्रत्येक जोडीने आपापसात सर्व माहितीची देवाणघेवाण करायची म्हटल्यास तीच माहिती वारंवार फिरू लागते. ओएसपीएफने यावर प्रातिनिधिक तोडगा काढला आहे. सबनेटवरील राउटर आपल्यातून एक नियुक्त राउटर आणि एक राखीव नियुक्त राउटर निवडतात. बाकीचे फक्त या दोघांशी पूर्ण देवाणघेवाण करतात. १० राउटरांसाठी ४५ ऐवजी १७ संबंध पुरतात. निवड प्राधान्यक्रमांकावरून व तो सारखा असल्यास राउटरच्या ओळखक्रमांकावरून होते. एकदा निवडलेला राउटर, नंतर अधिक प्राधान्याचा राउटर आला म्हणून पायउतार होत नाही. त्यामुळे सर्वांत जुने व दुबळे यंत्र केवळ आधी सुरू झाल्याने प्रतिनिधी होऊन बसल्याची उदाहरणे व्यवहारात दिसतात. नियुक्त राउटर म्हणजे सर्व रहदारी ज्याच्यातून जाते असा राउटर, हा एक प्रचलित गैरसमज आहे. त्याच्याकडून फक्त मार्गांची माहिती जाते. पॅकेट क राउटरकडून ख राउटरकडे थेटच जातात.

ओएसपीएफ जाळ्याचे जे चित्र मनाशी काढतो तेही बोधप्रद आहे. १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये जॉन मॉय यांनी वर्णिलेल्या या दुसऱ्या आवृत्तीत सामाईक सबनेट ही रेषा नसून राउटरांप्रमाणेच एक बिंदू असते. प्रत्येक राउटरपासून त्या बिंदूकडे जाणाऱ्या कडेला खर्च असतो, बिंदूपासून राउटरकडे येणाऱ्या कडेला शून्य. या आलेखावर डाइक्स्ट्रा यांची लघुतम मार्गाची रीत चालवून मार्गसारणी तयार होते. कागदावर आकृती काढतानाही सबनेटला एक स्वतंत्र वस्तू मानून त्याच्या रेषेवर नाव, पत्ता व मास्क लिहिणे या चित्राशी सुसंगत ठरते.

शेजार जुळण्यासाठी ओएसपीएफच्या काही अटी आहेत. हॅलोची कालमर्यादा, क्षेत्राचा क्रमांक आणि ईथरनेटसारख्या सामाईक सबनेटवर मास्कही दोन्हीकडे सारखा असावा लागतो, कारण हॅलो पॅकेटात मास्क लिहिलेला असतो. आधी सांगितलेली /३० ची चूक म्हणूनच येथे लवकर उघड होते. स्थिर मार्गांच्या जाळ्यात ती महिनोन्‌महिने झाकलेली राहू शकते.

संगणकही त्याच सबनेटवर असल्यास

पुष्कळ लहान कार्यालयांत दुसरा राउटर नंतर येतो आणि जागा सापडेल त्या स्विचला, म्हणजे संगणक असलेल्याच सबनेटला, जोडला जातो. संगणकांचा गेटवे क राउटर असतो. शाखेकडे जाणारा रस्ता ख राउटरकडून असतो. संगणक पॅकेट क राउटरकडे देतो आणि क राउटर ते ज्या इंटरफेसवर आले त्याच इंटरफेसवरून ख राउटरकडे परत फेकतो. अशा वेळी ‘यापुढे थेट ख राउटरकडे जा’ असा पुनर्निर्देशनाचा संदेश क राउटर संगणकाला पाठवू शकतो, परंतु सुरक्षेच्या कारणास्तव अनेक संगणक असे संदेश पाळत नाहीत.

क राउटर अग्निभिंतीचेही काम करत असेल तर अडचण वाढते. शाखेकडून येणारे उत्तर ख राउटर थेट संगणकाला देतो, कारण संगणक त्याच्याच सबनेटवर आहे. क राउटरला संभाषणाची एकच बाजू दिसते आणि अर्धवट दिसणारे संभाषण संशयास्पद समजून तो पुढची पॅकेट अडवतो. लक्षण मोठे चकवणारे असते: पिंग चालते, पण संकेतस्थळ उघडत नाही. राउटरांसाठी वेगळे छोटे सबनेट ठेवून संगणकांना त्यापासून दूर ठेवले की हा प्रश्न उद्भवत नाही. वरील उदाहरणातील /२९ वेगळा ठेवण्यामागे हेच कारण आहे.

दोन राउटर मुद्दाम संगणकांच्या सबनेटवर ठेवण्याचेही एक प्रयोजन आहे. व्हीआरआरपी या प्रोटोकॉलद्वारे दोन राउटर एक तिसरा, काल्पनिक पत्ता वाटून घेतात आणि संगणकांना तोच गेटवे म्हणून सांगितला जातो. एक राउटर बंद पडला की दुसरा तो पत्ता उचलतो. संगणकांना बदल जाणवत नाही.

इंटरनेट एक्स्चेंज

सामाईक सबनेटचा सर्वांत व्यापक वापर इंटरनेट एक्स्चेंजमध्ये होतो. तेथे निरनिराळ्या कंपन्यांचे राउटर एका स्विचव्यवस्थेवर आणि एकाच सबनेटवर एकत्र येतात व बीजीपीद्वारे आपापली जाळी एकमेकांना कळवतात. भारतात २००३ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ अर्थात निक्सी या संस्थेचा हेतू हाच होता. त्याआधी दोन भारतीय सेवादात्यांमधील पॅकेटही अनेकदा परदेशातून फेरा घालून येत. मुंबई हे निक्सीच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक आहे.

येथे शिस्तीला विशेष महत्त्व येते, कारण सबनेट एक असले तरी मालक अनेक असतात. एक्स्चेंज वाढून /२४ चा /२३ झाला आणि एखाद्या सदस्याने आपला जुना मास्क बदललाच नाही, तर नव्या अर्ध्या भागातील पत्ते त्याला दूरचे वाटतात. त्यातच त्याच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल, तर नव्या सदस्यांच्या पत्त्यांविषयीची पृच्छा ऐकून ‘तिकडचा रस्ता मला ठाऊक आहे’ अशा समजुतीने तो स्वतःचाच मॅक पत्ता उत्तरादाखल देऊ लागतो आणि इतरांची रहदारी त्याच्याकडे वळते. चूक एकाची, खोळंबा सर्वांचा. एक्स्चेंजच्या नियमांत प्रॉक्सी एआरपी बंद ठेवण्याची अट सहसा असते ती यामुळेच.

सदस्य शेकड्यांनी असले की प्रत्येकाशी वेगळा बीजीपी संबंध ठेवणे अवघड होते. म्हणून मार्ग सर्व्हर ठेवतात. तो एकाचे मार्ग दुसऱ्याला कळवतो, परंतु पुढचा टप्पा म्हणून मूळ सदस्याचाच पत्ता कायम ठेवतो. सर्वजण एकाच सबनेटवर असल्याने हे शक्य होते. यातून एक सूक्ष्म धोकाही निर्माण होतो. स्विचव्यवस्थेच्या आत अशी तूट पडली की दोन्ही सदस्य मार्ग सर्व्हरला दिसत आहेत पण एकमेकांना दिसत नाहीत, तर मार्ग सारणीत कायम राहतात आणि पॅकेट पोहोचत नाहीत.

घरातील दोन राउटर

इंटरनेट सेवादात्याने बसवलेल्या पेटीला आणखी एक वाय-फाय राउटर जोडणे हा घरोघरी दिसणारा प्रकार आहे. दोन्ही यंत्रे कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आलेली असू शकतात. नव्या राउटरच्या बाहेरच्या पोर्टाला केबल लावली की त्याच्या बाहेरच्या व आतल्या दोन्ही बाजूंना १९२.१६८.१.०/२४ हेच सबनेट येते. एकच सबनेट दोन इंटरफेसवर असल्यास पॅकेट कोणत्या बाजूला द्यायचे हे राउटरला ठरवता येत नाही. काही यंत्रे अशा वेळी आतला पत्ता आपोआप बदलतात, काही निमूटपणे बंद पडल्यासारखी वागतात. नव्या राउटरचे आतले सबनेट १९२.१६८.५०.०/२४ असे काहीतरी वेगळे केले की काम चालू होते, मात्र पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते आणि बाहेरून घरातील यंत्रापर्यंत पोहोचणे कठीण जाते.

दुसरी रीत अशी की केबल नव्या राउटरच्या आतल्या पोर्टाला लावायची, त्याला त्याच सबनेटमधील न वापरलेला पत्ता द्यायचा आणि त्याची डीएचसीपी सेवा बंद करायची. ती चालू राहिली तर एकाच सबनेटवर दोन यंत्रे पत्ते वाटू लागतात; मग काही मोबाइलना इंटरनेट मिळते, काहींना नाही, आणि पुन्हा जोडल्यावर हे चित्र उलटते. या रीतीत नवे यंत्र राउटर म्हणून काहीच काम करत नाही. आकृतीत ते राउटरच्या गोलाने न दाखवता स्विच व वाय-फाय प्रक्षेपक म्हणून दाखवणे बरोबर ठरते.

आयपीव्ही६ मधील फरक

आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक इंटरफेसला त्या दुव्यापुरता मर्यादित असा एक पत्ता आपोआप मिळतो, आणि राउटिंग प्रोटोकॉल पुढचा टप्पा म्हणून सहसा तोच वापरतात. त्यामुळे दोन राउटरांचे सार्वत्रिक पत्ते वेगवेगळ्या सबनेटमधील असले तरी शेजार जुळू शकतो. ब्रॉडकास्ट तेथे नाही. एआरपीचे काम शेजारशोध प्रोटोकॉल बहुप्रक्षेपणाने करतो. मात्र हा पत्ता एकाच राउटरच्या अनेक इंटरफेसवर सारखा असू शकत असल्याने स्थिर मार्ग लिहिताना पत्त्याबरोबर इंटरफेसचे नावही द्यावे लागते. आयपीव्ही६ जाळ्याच्या आकृतीत रेषेच्या दोन्ही टोकांना इंटरफेसचे नाव लिहिणे त्यामुळे ऐच्छिक राहत नाही.